सातवा खाना

मालिका चारशे सतरा. भाग तीस, प्रत्येकी चाळीस मिनिटं.
भाषा भरली. वर्ष भरलं.
म्हातारा विडी ओढतो, म्हणून वयोगट पंधरा.
सातवा खाना रिकामा,
आणि तो भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही.

टिचकी मारली की यादी खाली घरंगळते:
कौटुंबिक, गुन्हे, भय, विनोदी, ऐतिहासिक, प्रणय, प्रवास.
एकच निवडा.
'इतर' होतं गेल्या रमजानपर्यंत.
आम्ही सगळेच ते निवडत सुटलो, तेव्हा काढून टाकलं.

मुहर्रकच्या गल्लीतलं घर. बू राशिद पहिल्याच भागात वारतो.
उम्म राशिद रोज दोन पेले चहा ओतते,
दुसराही रिकामा होतो.
कोण पितं, कुणी विचारत नाही.
पार्श्वसंगीतसुद्धा दचकत नाही.
म्हणजे भय नव्हे.

नवव्या भागात बांगड्या चोरीला जातात.
पोलीस येतो, बूट दाराशी काढतो, हरीस खातो,
आणि अकराव्यात धाकटीसाठी
स्वतःचंच स्थळ घेऊन येतो.
बांगड्यांचं पुढे काही होत नाही.

एकोणिसाव्यात वीज जाते.
सगळे गाद्या घेऊन गच्चीवर.
चाळीस मिनिटं फक्त एवढंच,
कुणीतरी कूस बदलतं, लांबून जनरेटर.
हा भाग मी दोनदा पाहिला, कामाच्या वेळात.

शेजारच्या टेबलावरचा खतीब, दाभोळचा,
म्हणाला, "अगो बाय, कौटुंबिक टाक नि मोकळी हो.
कशातच बसत नाही ते कुटुंबात बसतं."
खोटं नाही.
पण मग तो खाना म्हणजे माळाच झाला:
पाळणा, फुटका स्टोव्ह, कुणाचे तरी दात,
सगळं एका अंधारात.

खाली काचेच्या खोलीत थंकप्पन, रात्रपाळीचा.
तीच मालिका बघतो, आवाज बंद.
अरबी त्याला येतं ते एवढंच: थांबा, गाडी हलवा, साहेब वर नाहीत.
त्याचे प्रकार तीन.
चहा निवतो त्या मालिका.
चहा निवत नाही त्या.
आणि ज्या चालू असताना बायकोचा फोन आला
तर तो फोन टीव्हीसमोर काचेला टेकवून ठेवतो
आणि दोघं बघतात, तो मनाम्यात, ती कोल्लमला.
"ही तिसऱ्यातली," तो म्हणाला.
"पेटी बघितली ना?"

कसली पेटी?

वर येऊन पुन्हा पहिल्यापासून लावली.
आहे. कपाटावर, तपकिरी, सुतळीने आवळलेली.
भांडणात आहे, साखरपुड्यात आहे,
हरीस खाणाऱ्या पोलिसाच्या डोक्यावर आहे.
कुणी खाली काढत नाही,
कुणी मान वर करून बघतही नाही.
फक्त तिच्यावर धूळ कधीच नसते,
आणि एकविसाव्या भागात सुतळी नवी आहे.

मी 'प्रवास' निवडलं.
पान उघडलं.

दुपारी समीराबाईंचा निरोप: यात कोण कुठे जातं?
लिहिलं: भाग एकवीस, बारावं मिनिट. सुतळी बघा.
त्यांनी वाचलं, एवढं दिसतंय.
उत्तर नाही.

सहरीच्या सुमारास खाली उतरले.
काचेला टेकवलेला फोन, पलीकडे स्वयंपाकघराचा दिवा.
"तिसावा आला का तुमच्याकडे?
काढली का त्यांनी खाली?"

आला होता. मी पाहिला होता.
नाही म्हटलं.

"बरं झालं," थंकप्पन म्हणाला.
फोनमधून बाई मल्याळममध्ये काहीतरी बोलली,
तो हसला,
आणि फोन त्याने थोडा मागे कलता केला,
कपाटाची वरची बाजू
तिलाही दिसावी म्हणून.